घरच्या बियाण्याला कुणी फुकटचं म्हणत नाही

गेल्या महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात संगणकाच्या कार्यशाळेला गेलो होतो. दाराशी फ्लेक्स लावलेला होता: 'मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, एकदिवसीय कार्यशाळा'. विषय होता लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी एक सिस्टीम. दुपारच्या सत्रात दोन तरुण प्राध्यापकांची जुंपली. एकाचं म्हणणं, तिचे बरेच भाग आधीच्या जीएनयू प्रकल्पाने लिहिलेले, म्हणून नुसतं 'लिनक्स' म्हणणं हा शुद्ध कृतघ्नपणा आहे, 'जीएनयू/लिनक्स' असंच म्हटलं पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, नावात काय ठेवलंय, मशीन चालतं ना, मग झालं. पाऊण तास त्यातच गेला. पोरं चुळबुळ करायला लागली. चहाच्या सुट्टीत मागच्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, फुकट देतात म्हणजे त्यात त्यांचा काही तरी फायदा असेल ना? आपला डेटा घेत असतील." दोन्ही प्राध्यापक तिथेच उभे होते. ज्या नावामुळे तिला ही शंका आली ते दाराशी फ्लेक्सवर लटकत होतं, आणि पाऊण तासात त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता.

माझं मत आधीच सांगतो. नावाला महत्त्व आहे, आणि जिथे लिहायचं तिथे 'जीएनयू/लिनक्स' हे पूर्ण नाव लिहावं, या बाजूचा मी आहे. पण हा वाद आपण श्रेयाचा करतो आणि तिथेच तो बिघडतो. कुणी किती काम केलं याचा हिशेब नावाने ठेवायचा नसतो. समोरच्या माणसाला 'या वस्तूवर तुझा काय हक्क आहे' हे नावाने सांगायचं असतं. या कसोटीवर पाहिलं तर आपल्या भागात सगळ्यांत जास्त नुकसान 'जीएनयू' गाळल्याने झालेलं नाही. ते 'फुकट' आणि 'मोफत' या शब्दांनी केलं आहे.

'नावात काय ठेवलंय' हे निदान मराठवाड्याच्या माणसाने तरी म्हणू नये. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरं जळाली, माणसं गेली. तो माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता, त्याच्या शेजारी संगणकाचं नाव ठेवायचं माझ्या मनातही नाही. पण त्या काळातून गेलेल्या कुणालाही विचारा, नाव म्हणजे नुसती पाटी असते का? आणि ही भावनेची गोष्ट वाटत असेल तर व्यवहाराकडे पाहा. २००१ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने एका लहानशा कंपनीला कोर्टात खेचलं, कारण त्या कंपनीने आपल्या लिनक्सचं नाव 'लिंडोज' ठेवलं होतं. 'विंडोज' हा मुळात खिडक्या या अर्थाचा साधा शब्द, त्यावर एकट्याची मालकी कशी, असा प्रश्न कोर्टातच उभा राहिला. शेवटी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर मोजून तडजोड केली आणि 'लिंडोज'चं 'लिनस्पायर' झालं. नावात काहीच नसेल तर हे पैसे कशासाठी मोजले गेले?

आता श्रेयाचा मुद्दा. तो पूर्ण खोटा आहे असं मी म्हणत नाही, उलट आपल्याकडे तो चटकन कळावा असा आहे. आमच्या घरातली जुनी माणसं काळ मोजताना 'पोलीस अ‍ॅक्शनच्या साली' म्हणायची. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. लष्कराची कारवाई होती, पण हा देशाचा अंतर्गत मामला आहे असं जगाला दिसावं म्हणून तिला 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हटलं गेलं, आणि तेच नाव तोंडी बसलं. त्या नावात पाच दिवस मावतात. १९३८ चा सत्याग्रह, स्वामी रामानंद तीर्थांचा तुरुंगवास, सरहद्दीवरचे कॅम्प, त्यात खपलेली गावोगावची पोरं यांतलं काहीही मावत नाही. 'मराठवाडा मुक्तिसंग्राम' म्हटलं की ती दहा वर्षं परत आत येतात. घटना तीच असते, पण एका नावात लोक सुटका करून घेतात आणि दुसऱ्या नावात त्यांची सुटका केली जाते.

लिनक्सचंही असंच झालं. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला सप्टेंबर १९८३ मध्ये. उद्देश सरळ होता: वापरणाऱ्याला पूर्ण मोकळीक देणारी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम उभी करायची. आठ वर्षांत लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करणारा कंपायलर झाला, टाइप केलेले हुकूम घेणारा शेल झाला, एडिटर झाला, सगळ्या प्रोग्रामना लागणाऱ्या तयार कोडची लायब्ररी झाली. राहिला होता तो मधला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक कर्नल लिहितो आहोत असं कळवलं, तेव्हा त्याने स्वतःच लिहिलं होतं की हा माझा छंद आहे, जीएनयूसारखं मोठं काही होणार नाही. त्याच्या कर्नलवर आधी चालले ते जीएनयूचेच कंपायलर आणि शेल. 'लिनक्स' हे नावही त्याने ठेवलेलं नव्हतं, त्याच्या मनात 'फ्रीक्स' होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या अ‍ॅरी लेम्के यांनी फाईली ठेवताना डिरेक्टरीला 'लिनक्स' नाव दिलं आणि ते चिकटलं. शेवटच्या तुकड्याचं नाव सगळ्या इमारतीला लागलं. आणि पोलीस अ‍ॅक्शनसारखंच झालं, 'कशासाठी' हा प्रश्नच नावातून गळून पडला.

इथे समोरच्या बाजूचं बळ मान्य केलं पाहिजे. फौजा आल्या नसत्या तर निजाम शरण आला नसता, आणि हा कर्नल आला नसता तर जीएनयूची सिस्टीम कितीतरी वर्षं अधांतरी राहिली असती. त्यांचा स्वतःचा कर्नल, हर्ड, १९९० पासून लिहिला जात होता आणि रोजच्या वापराला उभा राहिला नाही. त्याहून जड आक्षेप वेगळा आहे. आजच्या एखाद्या डिस्ट्रिब्युशनमध्ये, म्हणजे सगळे भाग जोडून वापरायला तयार केलेल्या सिस्टीममध्ये, जीएनयूचा वाटा किती? पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप, ब्राउझर, लिहिण्या-हिशेबाचं लिबरऑफिस, मशीन सुरू करणारं सिस्टीमडी ही कामं वेगवेगळ्या लोकांची आहेत. श्रेयच द्यायचं तर नाव हातभर लांब होईल. अल्पाइनसारख्या डिस्ट्रिब्युशनमध्ये तर जीएनयूची लायब्ररीसुद्धा नसते. तिला 'जीएनयू/लिनक्स' म्हणणं चूकच ठरेल. श्रेयाच्या हिशेबावर उभे राहणारे माझे मित्र इथे अडकतात, आणि त्यांनी अडकावंच, कारण तो पायाच कच्चा आहे. 'मुक्तिसंग्राम' हे नाव योग्य आहे ते त्यात सगळ्या हुतात्म्यांची नावं येतात म्हणून नव्हे. कशासाठी लढलो ते त्यात आहे. 'जीएनयू' लिहायचं तेही एवढ्याचसाठी. मोकळीक हा उद्देश घेऊन संपूर्ण सिस्टीम उभी करायला निघालेले पहिले ते होते, आणि ते अक्षर पाहून निदान एखादं पोरगं 'हे काय?' म्हणून विचारतं.

बोलताना कुणी एवढं लांब म्हणणार का, असं विचारतात. नाही म्हणणार, आणि म्हणायची गरजही नाही. नांदेडच्या विद्यापीठाच्या कमानीवर 'स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ' आहे, बातमीत 'स्वारातीम' येतं. परभणीचं 'वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ' रोजच्या लिहिण्यात 'वनामकृवि' होतं. जीभ आपलं काम करते, पाटी आपलं. पाटीवर पूर्ण नाव आहे म्हणून 'स्वारातीम' या चार अक्षरांत स्वामीजी शिल्लक राहतात. पुस्तकात, अभ्यासक्रमात, प्रमाणपत्रावर, बिलावर पूर्ण नाव असावं, तोंडी 'लिनक्स' म्हणणाऱ्या पोराला टोकू नये. केरळमध्ये सरकारी शाळांतली सिस्टीम 'काईट जीएनयू/लिनक्स' या नावानेच चालते, लाखो मुलं ती वापरून दहावी होतात, नाव लांब म्हणून कुणाचं अडलेलं नाही. उच्चार जड जातो ही सबब तर मराठी माणसाने सांगूच नये. स्टॉलमन इंग्रजी बोलणाऱ्यांना विनवून थकले की 'ग' खाऊ नका, 'ग्नू' म्हणा. लग्न आणि अग्नी म्हणणाऱ्या जिभेला ग्नू कसा जड जाईल?

अँड्रॉइडचा दाखला मात्र मला फार दिवस छळत होता. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला. आज मोंढ्यातल्या हमालापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत हरेकाच्या खिशात लिनक्सचा कर्नल आहे आणि 'लिनक्स' हा शब्द कुणाला माहीतही नाही. जगातले सगळ्यात वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून एकजात लिनक्सवर चालतात. आपल्या न्यायालयांत ई-कोर्ट प्रकल्पाखाली उबुंटू हे लिनक्सचं डिस्ट्रिब्युशन खास बेतून आलं आहे. नाव न घेता एवढं पसरलं, मग नावाचा आग्रह कशाला? विचार करता करता लक्षात आलं की हाच माझ्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा आहे. फोनमध्ये कर्नल आला, पण त्याच्याबरोबर मोकळीक आली का? काही वर्षांनी कंपनी अपडेट बंद करते आणि चांगला चालता फोन अडगळीत जातो. कंपनीने भरलेली काही अ‍ॅप काढता येत नाहीत. कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, म्हणजे त्याचा सोर्स कोड, प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मराठवाड्यात आजवर किती जणांनी तो मागितला असेल? हक्काचं नावच ठाऊक नसेल तर माणूस मागणार काय?

नाव बदललं की प्रतिमा बदलते हे तर समोरच्या बाजूनेच सिद्ध करून दाखवलं आहे. इंग्रजीत 'फ्री' म्हणजे मोकळंही आणि फुकटही. कंपन्या 'फ्री सॉफ्टवेअर' ऐकून बिचकायच्या. म्हणून फेब्रुवारी १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हा शब्द सुचवला आणि तो ठरवून रुजवला गेला. तो चालला, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख लिनक्सला कॅन्सर म्हणत होते, २०१६ मध्ये तीच कंपनी लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. त्यात पैशाचा वाटा मोठा आहे, पण नावाने वाट मोकळी करून दिली. मात्र त्या नव्या नावात सोर्स उघडा आहे एवढंच कळतं, वापरणारा मोकळा आहे हे कळत नाही. इंग्रजीची ती अडचण होती, एका शब्दात दोन अर्थ अडकलेले होते. मराठीत तसं कधीच नव्हतं. आपल्याकडे मुक्त वेगळा आणि फुकट वेगळा. मराठवाड्यात तर दरवर्षी १७ सप्टेंबरला शाळाशाळांतून झेंडा लागतो. त्या दिवशी मराठवाडा फुकट मिळाला असा अर्थ पहिलीतलं लेकरू तरी घेईल का? इतका जिवंत शब्द घरात असताना आपण इंग्रजीतला घोटाळा उचलला आणि त्याचा नेमका चुकीचा अर्थ फ्लेक्सवर छापला.

त्याचा परिणाम मी परभणीच्या एका दुकानात हातभर अंतरावरून पाहिला आहे. पुतण्याला इंजिनीअरिंगला लॅपटॉप घ्यायचा होता. दुकानदाराने काढलेल्या मशीनमध्ये कंपनीनेच उबुंटू टाकलेलं होतं, खोक्यावर तसं छापलेलंही होतं. मी ते वाचत होतो तर तो म्हणाला, "ते काय बघायलाव काका? त्याच्यात काहीच नाही, ब्लँक आहे. विंडोज टाकून देतो की, पाचशे द्या." मी विचारलं, ओरिजिनल का? "ओरिजिनल कोण घेतंय?" बिलावर त्याने लिहिलं, 'विदाऊट ओएस', म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय. मशीन चालू केलं तर पडदा उजळला, वायफाय लागलं, मराठी अक्षरं नीट उमटली. तरीही ते ब्लँकच. दुकानदार वाईट माणूस नव्हता, गिऱ्हाईक जे मागतं ते देत होता. पण त्या एका शब्दाने चालती सिस्टीम नाहीशी केली आणि चोरीच्या सिस्टीमला 'ओएस' हे नाव दिलं.

आता त्याच दुकानात मी 'उबुंटू फुकट आहे हो' असं सांगून काय साधलं असतं? गिऱ्हाइकाच्या लेखी विंडोजही फुकटच आहे, पाचशे रुपये तर टाकण्याची मजुरी. जिथे चोरीची प्रत सर्रास मिळते तिथे किंमत हा मुद्दा लढण्याआधीच हरलेला असतो. फुकट या शब्दाला आपल्याकडे आणखी एक ओझं आहे. 'धर्माची गाय आणि दात का नाय' असं आपण म्हणतो. दान मिळालेल्या वस्तूची चौकशी करू नये, तक्रार करू नये, ही त्यातली शिकवण. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर दात मोजण्याचाच हक्क दिलेला असतो: हवं त्या कामाला वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, बदललेलंही द्या. फुकट म्हटलं की हे सगळे हक्क एका झटक्यात उपकार होतात. आणि हल्ली फुकट म्हणजे डेटा घेणारं अ‍ॅप, हे त्या मुलीला अनुभवाने माहीत आहे. तिची शंका रास्त होती, तिच्यासमोर आपण चुकीचा शब्द ठेवला होता.

शेतकऱ्याच्या घरात या वस्तूसाठी नेमका शब्द आधीपासून आहे: घरचं बी. सोयाबीन निघालं की त्यातलं चांगलं बाजूला काढतात. पेरणीच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि किती उगवले ते मोजतात, सत्तरच्या वर आले तर बी चांगलं. शेजाऱ्याला लागलं तर त्यालाही देतात. पिशवीला पैसे पडले नाहीत म्हणून त्याला 'फुकटचं बी' म्हणणारा एक शेतकरी मला दाखवा. ते साठवायला, पारखायला, राखायला कष्ट पडतात आणि ते आपल्या ताब्यात असतं, म्हणून ते घरचं. कापसाचं संकरित बी दर साली विकतच आणावं लागतं, त्यातला फरक कोणत्याही बाईला शिकवावा लागत नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे, फक्त ते कंपनीच्या ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही नेमकी हीच रेघ आहे. फायरफॉक्सचा कोड मोकळा, पण नाव मोझिलाच्या मालकीचं, म्हणून २००६ ते २०१६ ही दहा वर्षं डेबियन या डिस्ट्रिब्युशनमध्ये तोच ब्राउझर 'आइसवीझल' नावाने येत होता.

हाच धागा धरला तर उबुंटू, डेबियन, फेडोरा, आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस या नावांचा गोंधळही सुटतो. पोरं बायोडेटात 'लिनक्स, उबुंटू' असं दोन वेगळ्या गोष्टींसारखं लिहितात. मालदांडी, परभणी मोती, परभणी शक्ती ही वाणं आहेत आणि पीक ज्वारी आहे, हे त्यांना घरी कुणी समजावून सांगितलेलं नसतं, तरी ते कळतं. संगणकाच्या वर्गात पीक आणि वाण हे दोनच शब्द वापरून पाहा.

चहानंतर मी त्या मुलीला शेजारी बसवलं आणि मशीनची भाषा मराठी केली. मेन्यूत 'संचयिका' असं आलं. तिने विचारलं, "हे काय?" फोल्डर, म्हटलं. "मग फोल्डरच म्हणायचं ना सर. संचयिका कोण म्हणतं?" मी भाषांतराची फाईल उघडून दिली. साधी फाईल असते ती: वरच्या ओळीत इंग्रजी, खालच्या ओळीत मराठी, खाली पुन्हा इंग्रजी, पुन्हा मराठी. म्हटलं, इथे तुला हवं ते लिही, तुझ्या मशीनवर तेच दिसेल, आणि पटलं तर पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना दिसावं म्हणून पाठवताही येतं. तिने मला पुन्हा विचारलं, "बदललं तर चालतं?" चालतं, म्हटलं, हा तुझा हक्क आहे. तिने 'संचयिका' खोडलं, 'फोल्डर' लिहिलं आणि खालच्या ओळी वाचायला लागली. गाडीची वेळ झाली तरी ती उठली नव्हती, बाहेर दोन पोरं फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होती.